चराला टाके

जेवणाच्या सुट्टीत माझा धक्का लागून पिण्याच्या पाण्याचं पिंप चरात कलंडलं, आणि आमचे आठ दिवस पाण्यात गेले.

टेकडीच्या उतारावर आडवा चर खणायचा तो पाणी अडवायला. पाणी त्यात साचायला हवं, मुरायला हवं, खालच्या विहिरींना लागायला हवं. त्यासाठी चराचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत लागतो. आमच्या पिंपातलं पाणी थांबेचना. ते निघालं, आणि पळत सुटलं थेट नन्नाकाकांच्या शेताच्या दिशेनं.

वहिनी हातातला घास तसाच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, नळी आणा."

गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी. दोघांनी दोन टोकं धरायची, दोन्हीकडचं पाणी सारखं दिसेल तिथं खुणेला चुन्याची फक्की टाकायची. वहिनीनं नळी उन्हात धरली. मधल्या वळणात बोटभर लांब बुडबुडा निवांत बसला होता.

नळी भरली होती मी. ती सावकाश भरायची असते, हवा निघेपर्यंत थांबायचं असतं. मी ती नळाला लावली आणि मोकळा झालो. अडकलेल्या हवेमुळे दर दहा पावलांना पातळी बोटभर घसरत गेली. चर तीनशे पावलांचा.

"वहिनी, गप्प बस," मी म्हटलं. "कुणी पाहिलं नाही. परवा तालुक्याचे साहेब फोटोला येणार आहेत."

"आणि जोराचा पाऊस आला की? सगळ्या टेकडीचं पाणी काकांच्या बांधावर जाईल, माती धुऊन नेईल. मग काय फोटो पेरतील का ते शेतात?"

साहेबांचं मला काडीचं कौतुक नाही. आखणी तपासायला आले तेव्हा गाडीची काच खाली केली, "छान, छान" म्हणाले, सही ठोकली आणि गेले. ज्या टेबलावर या टेकडीची झाडं तोडायची परवानगी मिळाली, त्याच टेबलावर आता पाणी अडवल्याची शाबासकी मिळते. साहेबांना तोंडघशी पाडायला मी एका पायावर तयार होतो. पण इथे तोंडघशी पडणार होती वहिनी.

या चरासाठी दोन वर्षं ती दारोदार फिरली होती. एकट्या नन्नाकाकांकडे एकोणीस खेपा. कशालाही आधी 'नाही' म्हणायचं, म्हणून त्यांचं हे नाव. शेवटी म्हणाले होते, "पोरी, तुझ्या शब्दावर हो म्हणतो. माझी माती गेली तर तुझ्या दारात येऊन बसेन."

झाडाखाली चाळीस माणसं जेवत होती, प्रत्येकाच्या हाताला फोड. वहिनी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"चर चुकलाय. उतार पडलाय. आखणी माझी होती."

मग सुटले सगळे.

"म्हणजे आठ दिवस पाठ मोडून आम्ही पाण्याला घसरगुंडी करून दिली?"

"बाईच्या हातात नळी दिल्यावर दुसरं काय होणार!"

"नळी मी भरली होती," मी ओरडलो. "पुरुषाच्या हातांनी, घाईघाईत. शिव्या इकडे द्या."

दिल्या, अगदी मनापासून. सात जण फावडी खांद्यावर टाकून टेकडी उतरले.

दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, कंबर धरून बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? पळून जायचं असतं तर लग्नाच्या दिवशीच गेलो असतो," तो म्हणाला. "बोल, सगळं बुजवायचं का?"

"बुजवायचं आणि पुन्हा खणायचं."

आणखी चार-पाच जण उठायला लागले, तेवढ्यात शिंपीणकाकू खेकसल्या.

"माप चुकलं म्हणून कुणी अख्खा कपडा उसवतं का? मधे मधे टाके घाल की!"

"कसले टाके, काकू?"

"मातीचे गं! दर पाच पावलांवर चरात आडवी भिंत घाल मातीची. मग पळणार कुठे पाणी? बसेल जिथल्या तिथे."

वहिनी चराकडे बघत राहिली. ओठ हलत होते, ती मोजत होती. "टाके घातले की टाकी होतील," ती म्हणाली. "साठ टाकी, काकू!"

नन्नाकाका काठी टेकत उठले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"नाही," ते म्हणाले.

वहिनीचा चेहरा पडला.

"पाच पावलं नाही. माझ्या टोकाला तीन-तीनवर घाला. आणि तिथल्या भिंती मी चोपणार. तुमच्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही, त्यात ह्याच्या तर नाहीच." 'ह्याच्या' म्हणताना काठी माझ्या छातीला लागली.

फावडी उचलली गेली. वहिनीनं आधी साहेबांना फोन लावला. "साहेब, परवा येऊ नका. चर चुकलाय, दुरुस्त करतोय... तारीख बदलत नाही? मग येताना फावडं आणा." पलीकडून फोन कट झाला. काकू इतक्या हसल्या की त्यांचं घमेलं सांडलं.

उन्हं कलेपर्यंत बावीस भिंती झाल्या. नन्नाकाकांनी त्यांच्या टोकाची प्रत्येक भिंत माती ठोकायच्या धुमसानं चोपली आणि वर पायानं दाबून पाहिली. तेवढ्यात गेलेल्या सातांपैकी तिघं वर येताना दिसले. पुढचा म्हणाला, "घमेली विसरली होती, न्यायला आलोय."

वहिनीनं तोंड फिरवलं. दादानं मुकाट्यानं तिघांच्या हातात तीन घमेली दिली. मातीनं भरलेली.