चिमणीची रेघ

पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो. या घरात धाकट्या चिमणीचे पट्टे आवळले जात.

चिमणीचे पाय तिला पेलत नसत. म्हणून रोज थोडा वेळ तिला स्टँडरमध्ये, म्हणजे आधार देणाऱ्या लाकडी सांगाड्यात, उभं करायचं. छातीला पट्टा, कमरेला पट्टा, गुडघ्यांपुढे गाद्या. हल्ली त्यात ठेवलं की ती रडायची. बोलता येत नव्हतं; नुसते डोळे आईच्या तोंडाकडे लागलेले. आई खुळखुळा वाजवायची, गाणी म्हणायची आणि आतल्या आत तुटायची. दुसरं काय करणार?

त्या दिवशी आत्या आल्या. "अगं वहिनी, किती वाकलीय ही! आवळ की जरा. लाडावून ठेवलंयस नुसतं."

"वन्सं, रडते हो ती."

"रडू दे. सवय होईल."

आईने पट्टा आवळला. चिमणी सरळ झाली आणि जास्तच रडू लागली.

तेवढ्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या. त्यांनी आधी पट्टे सोडले, पायजमा वर केला. गादी गुडघ्यावर नव्हतीच! खाली नडगीच्या हाडात रुतून लालभडक वळ उठला होता.

"उंच झालीय ही. माप कधी घेतलं होतं?"

आईची नजर दाराच्या चौकटीकडे गेली. चिमणीच्या दादाच्या प्रत्येक वाढदिवसाची रेघ तिथे होती. चिमणीची एकही नव्हती. जी उभी राहत नाही, तिची उंची काय मोजायची, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

"पण सैल सोडली तर वाकडी दिसेल ना?" आत्या म्हणाल्या.

"आत्याबाई, चप्पल चावली तर पाय तासता का तुम्ही?" ताईंनी विचारलं.

"काहीतरीच!"

"मग हिचाच पाय का तासायचा?"

आत्या वाकून तो वळ बघू लागल्या. पोर हट्टी नव्हती! वाढत होती, आणि रडून रडून तेच सांगत होती!

ताईंनी स्क्रू ढिले करून गाद्या वर सरकवल्या, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली. चिमणी जराशी कलून उभी राहिली. रडली नाही. मग तिला सतरंजीवर निजवून आईने मापाची टेप लावली, आणि चौकटीवर रेघ आत्यांनी स्वतः ओढली.

वळ मात्र संध्याकाळीही तसाच होता. आई त्यावरून हात फिरवत राहिली. हाताने तो पुसला जाणार नव्हता.

ज्या लेकराला शब्द नाहीत, त्याचं रडणं हेच त्याचं बोलणं. चारचौघांत सरळ दिसावं म्हणून त्याला आवळू नका. पट्ट्याला हात घालण्याआधी एकदा त्याचं माप घ्या!