सोममायाच्या म्हशीखालचा पाला

सोममायाची म्हैस मेली आणि तिच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला, तो काही थांबेना. सकाळचं दहिवर अजून सुकलं नव्हतं. गोठ्यापुढच्या राडीत ती कमरेवर हात देऊन उभी, आणि सून येशी भिंतीला टेकून खाली बघत होती.

"आंधळी झालीवतीस का गं? अंगेरीचा इखारी पाला तोडून घातलास! दुभतं जनावर रातीत आडवं केलंस!"

"न्हाई वं आमा, अंगेरी न्हाई तोडली. गवतच घातलं हुतं."

"गवत खाऊन म्हशी मरत्यात व्हय? खालच्या मुलखातली तू. तुला पाला कळतोय का, झाड कळतंय! तुज्या आयनं नुसती खायला शिकवून धाडलीया."

कुंपणाच्या अलीकडं शेजारची माइली वाळत घातलेला पाला उलथत बसली होती. तिच्या कानात एकेक शब्द शिरत होता आणि हात काही हलत नव्हता.

हा पाला लोठाचा. वरच्या रानातनं गावच्या बायका तो खुडून आणायच्या, अंगणात वाळवायच्या आणि व्यापाऱ्याचा ट्रक घेऊन जायचा. त्यातनं म्हणे कॅन्सरचं औषध काढतात. माइलीच्या छातीतली गाठ काठमांडूच्या दवाखान्यात कापली होती आणि तिला सलाईनमधनं जे द्यायचे ते ह्याच झाडाचं. डोक्यावरचे केस पार गेले, म्हणून तिनं फडकं बांधलेलं. "तुजंच औषध तूच वाळीवतीस की गं!" म्हणून बायका चेष्टा करायच्या आणि माइलीही हसायची. ह्या दोन दिवसांत मात्र तिला त्या पाल्याकडं बघवत नव्हतं.

कारण तिला ठाऊक होतं म्हैस कशानं मेली ते.

माणसाला औषध असलं तरी लोठ जनावराला जहर, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. व्यापाऱ्यानं नाकारलेला पाला लांब कड्यावरनं खाली टाकायचा, ही सगळ्यांची रीत. परवा तिचं एक पोतं बुरशी लागली म्हणून माघारी आलं. कड्यापर्यंत जायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं ते गोठ्यात अंथरायच्या रानपाल्याच्या ढिगावर ओतलं. बखत, म्हणजे तिचा नवरा, घरी आला की त्याच्याकडनं टाकून घेऊ, असा विचार. दुपारी येशी पाटी घेऊन आली. "काकी, म्हशीखाली अंथरायला पाला हाय का?"

"ने की गं, ढीगभर पडलाय," असं माइलीच म्हणाली. तेही पडल्या पडल्या, डोळे न उघडता.

दिवेलागणीला चुलीपुढं तिला एकदम आठवलं, ढिगावर लोठ ओतलाय. पण अंगात कणकण होती आणि बाहेर गार वारं सुटलं होतं. 'म्हशीला नाक हाय की, हुंगून सोडंल,' असं म्हणून ती गोधडीत शिरली. सोममायाच्या हंबरड्यानंच तिला जाग आली.

ती गोठ्यात धावली. म्हशीच्या ओठाला लोठाच्या चार वाळल्या काड्या चिकटल्या होत्या. माइलीनं त्या पुसल्या आणि पायानं शेणात दाबल्या. बाकीचं सगळं दुखण्यावर ढकलता आलं असतं, पण हे काही दुखण्यानं केलं नव्हतं. हे तिनं चांगलं शुद्धीत राहून केलं. आणि त्याच म्हशीचं लोटाभर दूध सोममाया रोज कुंपणावरनं द्यायची. "पी गं बाई, अंगाला लागंल."

आता कुंपणापाशी बसलेल्या माइलीच्या मागनं बखत आला. "गप ऱ्हा," तो हळूच म्हणाला. "सासूसुनांचं कवा ना कवा मिटतंच. तू बोललीस तर गावात तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई."

"मिटतंय कुठलं? तिचा ल्योक कतारवरनं फोनवर काय बोलला, ऐकलं न्हाईसा? म्हायेरी धाड म्हनला तिला."

तेवढ्यात येशी कापडांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती राख दिसत होती. माइलीच्यानं मग बसवेना. ती कुंपण ओलांडून गेली.

"सोममाया, तिला धाडू नगंस. म्हस मी मारली."

"ताप चढलाय का गं तुला?"

"न्हाई चढला. ऐक." आणि तिनं सगळं सांगितलं. पोतं, ढीग, आठवूनही पडून राहिलेली, ओठावरच्या काड्या पुसलेल्या. काही झाकलं नाही. आता ही झिंज्या धरील, पण झिंज्या तरी कुठं आहेत, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

सोममाया ओट्यावर बसली. रिकाम्या खुंट्याकडं तिनं एकदा बघितलं. मग उठली आणि माइलीच्या डोक्यावरचं सरकलेलं फडकं तिनं नीट केलं.

"तू काय मुद्दाम केलंस व्हय? दुखन्यातलं मानूस तू. झालं चुकून. भ्यालीस म्हनून काड्या लपीवल्यास. बस हितं. येशे, च्याचं पानी ठेव गं काकीला."

माइलीला वाटलं, हिनं शिव्या द्यायला पायजे होत्या. चार लोकांत थोबाडीत मारायला पायजे होती. एवढ्या लवकर माफी मिळायला नको होती, आणि तीही ह्या पोरीच्या देखत.

येशीनं गाठोडं खाली ठेवलं. "माज्या हातनं झालं असं वाटत हुतं, तवा चुकून नव्हतं झालं, आमा?"

"आगं... मला काय ठावं..." सोममाया म्हणाली आणि पदराशी चाळा करत बसली.

येशीनं चुलीवर पाणी ठेवलं. दोघींना चहा दिला, स्वतः घेतला नाही. मग आढ्यात खोचलेला विळा काढून ती माइलीपुढं येऊन उभी राहिली.

"काकी, उठा. मला ते लोठाचं झाड दावा. वलं कसं दिसतं, वाळल्यावर कसं दिसतं, समदं. ह्या घरात पुन्यांदा काय मेलं, तर नाव माजंच निघायचं."

माइली निम्मा चहा तसाच ठेवून उठली. रानाची वाट उभ्या चढाची होती आणि येशी पुढं चालली होती, मागं वळून न बघता. माइलीला धाप लागली होती. पण 'जरा टेकू या का गं' एवढं म्हणायलाही तिची जीभ उचलली नाही.