कुमुदिनीचा श्वास

माघातली दुपार. बालाघाटाच्या उतरणीवर ऊन सांडलेलं. पिवळं, सैल, कढवलेल्या तुपाच्या रंगाचं. करडईच्या काटेरी माथ्यांवर केशरी फुलं पेटलेली. ज्वारीची कणसं दाण्यांनी जडावून वाकलेली, आणि पानापानांतून वाऱ्याची कोरडी, करकरीत, अखंड सळसळ.

अंबाजोगाईची शेवटची घरं जिथं विरळ होत जातात आणि काळी माती सुरू होते, तिथं पांगरीकर सरांचं तीन खोल्यांचं घर. पांढऱ्या भिंती, निळी दारं. दारांना पडदे. आणि पडद्यांच्या आत शांतता. धुतलेली, वाळवलेली, घडी घालून ठेवलेली शांतता.

कारण त्या घरात सहा वर्षांपासून एकाच माणसाचा आवाज होता.

पद्माकर पांगरीकरांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यांच्या पत्नीचं नाव कुमुदिनी. गळ्याच्या दुखण्यात तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मानेच्या तळाशी एक छिद्र ठेवलं, रुपयाएवढं, गोल. तिचा श्वास आता तिथून यायचा, तिथूनच जायचा. त्यावर ती मलमलीचा पांढरा रुमाल बांधी. तिचं नाक कशाचा गंध घेत नव्हतं, तिच्या तोंडातून वारा वाहत नव्हता. मानेला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. एकदाच तिनं ते लावलं, आपलाच धातूचा, घरघरता उच्चार ऐकला आणि डबी कपाटाच्या तळाशी ठेवून दिली.

मग ती नुसत्या ओठांनी बोलू लागली, आणि पद्माकर ते ओठ वाचू लागले. मीठ. दूध. वारा सुटलाय, खिडकी लावा. सहा वर्षं एक माणूस एका माणसाच्या ओठांकडे पाहत जगला.

रुग्णालयातून घरी आल्या दिवशी तिनं त्यांना समोर बसवलं होतं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करत ओठ हलवले होते.

"ती कॅसेट माझ्या कानांवर कधी पडू देऊ नका."

"नाही पडणार," ते म्हणाले होते.

ती कॅसेट म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचं कॉलेजचं स्नेहसंमेलन. वीस वर्षांची कुमुदिनी, एक पेटी, एक मायक्रोफोन, आणि तिच्या गायनाच्या बाईंनी तिच्यासाठीच रचलेलं एक गीत. तिच्या गाण्याचं तेवढंच ध्वनिमुद्रण जगात होतं. चार मिनिटांचं. पुढे संसार, सासर, शाळेच्या बदल्या. गाणं स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराबरोबर वर जायचं आणि कौलांतून निघून जायचं.

पद्माकरांना एरवी वाद्यसंगीताचं वेड. दुपारी तासभर, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून ते ऐकत बसत. त्या हेडफोनांच्या वाट्या बंद पाठीच्या. कानांवर बसल्या की बाहेरचं जग विझून जाई.

एका दुपारी ते असेच ऐकत होते आणि पलीकडे स्वयंपाकघरात कुमुदिनीच्या मानेतल्या श्वासवाटेत कफ अडकला. तिनं टाळ्या वाजवल्या. ताट आपटलं. पुन्हा आपटलं. तिला हाक मारता येत नव्हती, आणि हाकेऐवजी जे जे येत होतं ते सगळं तिनं केलं. सतार संपल्यावर पद्माकर पाणी प्यायला उठले, तेव्हा ती ओट्याशी टेकून जमिनीवर बसलेली होती. ओठ जांभळे, डोळे पांढरे, हातात चेपलेलं ताट. त्यांनी रुमाल सोडला, वाट मोकळी केली. श्वास आला. फाटत, शिट्टी वाजवत, पण आला.

ते हेडफोन त्यांनी त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकले.

कुमुदिनीनंच मग त्यांची बाही धरून विचारलं होतं, "ऐकणं सोडलंत?"

"सोडलं."

"माझ्यापायी?"

त्यांनी मान डोलावली. तेव्हा ती रागावली. आवाज नसलेल्या माणसाचा राग फार मोठा दिसतो. तो सगळा डोळ्यांत येतो.

लातूरला रेडिओ, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे दस्तगीर मिस्त्री होते. पद्माकरांचे जुने स्नेही. त्यांनी सारं ऐकून घेतलं आणि उघड्या पाठीचे हेडफोन समोर ठेवले. वाट्यांच्या मागे भिंत नव्हती. बारीक, काळी, धातूची जाळी होती.

"हे लावा, सर. गाणं पण ऐकू येईल अन् घर पण ऐकू येईल. वहिनींनी चमचा जरी वाजवला तरी कळेल तुम्हाला."

पहिले काही दिवस ते हेडफोन परक्यासारखे वागले. डोक्यावरच्या पट्टीची पकड घट्ट, कानशिलं दुखत. भूगोलाच्या मास्तरांनी मग आपले दोन जाडजूड नकाशासंग्रह एकावर एक ठेवले आणि रोज ऐकणं झालं की त्यांच्यावर ती पट्टी ताणून ठेवली. आठवडाभरात पकड नरमली. मखमली गाद्या कानांभोवती अशा बसू लागल्या, की भार जाणवेना, घाम येईना. फक्त चष्म्याची काडी मधे येई. म्हणून ते ऐकताना चष्मा काढून ठेवत, आणि त्या वेळापुरतं जग धूसर, कडा नसलेलं, पाण्यात बुडालेलं होई.

पण स्वर मात्र दूर होता. फोनला जोडले तर विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा. दस्तगीरांना फोन केला तर ते हसले.

"तीनशे ओहमचे आहेत ते, सर. फोनच्या ताकदीनं नाही हलणार. त्यांना मागून रेटणारा लागतो."

त्यांनी एक छोटा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर पाठवला. आवाज मोठा झाला, लख्ख झाला. पण प्रत्येक 'स' सुईसारखा टोचू लागला. महिन्याभरानं दस्तगीर स्वतः एसटीनं आले, मांडीवर खोकं धरून. त्यात त्यांनी हातानं बांधलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. दोन काचेच्या नळ्या, आत तांबूस, मंद, निखाऱ्यासारखा उजेड.

"दुसऱ्या हलक्या हेडफोनला हा लावाल तर फुकट. याची अन् तुमच्या हट्टी तीनशेवाल्याचीच जमते," ते म्हणाले. "मात्र लगेच ऐकायचं नाही. पाच मिनिटं तापू द्यायचं."

आणि खरोखरच जमलं. सतारीची तार कानात न वाजता खोलीत वाजू लागली. तिच्या पलीकडे चिमणी, चिमणीच्या पलीकडे स्वयंपाकघरातली वाटी, आणि वाटीच्याही पलीकडे कुमुदिनीच्या मानेतल्या श्वासाची बारीक, ओलसर ये-जा. सगळं एकाच अवकाशात, एकमेकांना न पुसता. पद्माकरांना वाटलं, कान कुणाकडे पाठ न फिरवताही गाणं ऐकू शकतात तर.

तो मार्गशीर्ष होता. त्याच मार्गशीर्षात एका सकाळी ते जागे झाले आणि अंथरुणात तसेच बसून राहिले.

स्वप्नात तरुण कुमुदिनी आली होती. गच्च वेणी, अबोली साडी, ओठ हलत होते. आणि आवाज नव्हता.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. तिची हाक आठवली नाही. तिचं हसणं आठवलं, पण ते दिसलं, ऐकू आलं नाही. चाळीस वर्षं ज्या आवाजानं त्यांना उठवलं, जेवायला बोलावलं, दटावलं, समजावलं, तो आवाज त्यांच्या आतूनही निघून गेला होता. पाऊल न वाजवता, दार न ओढता.

त्या दुपारी कुमुदिनी माजघरात तांदूळ निवडत असताना त्यांनी कॅसेट काढून जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि तो दस्तगीरांच्या ॲम्प्लिफायरला जोडला.

कानांवर हेडफोन आहेत, म्हणजे वचन पाळल्यासारखंच आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं. तिच्या कानांवर पडणार नाही. चष्मा काढला. नळ्या तापू दिल्या. कळ दाबली.

आधी फितीची खरखर. मग सभागृह उघडलं. लांब कुणीतरी खोकलं. एक खुर्ची सरकली. पेटीनं सूर धरला. आणि मग, शब्दाच्या आधी, स्वराच्या आधी, पद्माकरांना पूर्वी कधीच न ऐकू आलेलं काहीतरी आलं.

श्वास.

वीस वर्षांच्या मुलीनं गाण्याआधी घेतलेला श्वास. नाकातून, ओठांतून, भरभरून घेतलेला. थोडा घाबरलेला, थोडा अधीर.

'पाचोळ्यात वाजे पाऊल, कोण उभे गे दारी...'

पद्माकर रडले. रोज ऐकू लागले. पौष गेला, माघ उजाडला, आणि रोज दुपारी ते त्या चार मिनिटांत जाऊन येत. तिची हाक त्यांना पुन्हा आठवू लागली. तिच्याकडे पाहताना मात्र त्यांची नजर खाली वळे, चोरासारखी.

आणि आज, या माघातल्या दुपारी, गाणं संपताच त्यांना वाटलं, घर फारच शांत आहे. तांदळाचा आवाज नाही. सुपाची सळसळ नाही. त्यांनी हेडफोन उतरवले, चष्मा लावला आणि पडदा बाजूला केला.

पडद्याला लागून, भिंतीला डोकं टेकून, कुमुदिनी बसली होती. मांडीवर सूप. सुपातले तांदूळ सपाट, बोटही न फिरलेले. तिचे डोळे मिटलेले होते.

जाळीतून बाहेरचं आत येतं, हे पद्माकरांनी जाणलं होतं. आतलंही बाहेर जातं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. या शांत घरात, या शांत दुपारी, त्या काळ्या जाळीतून गाणं रोज झिरपत राहिलं होतं. बारीक, दोऱ्याएवढं, पण तिच्यापर्यंत.

"कुमुद..."

तिनं डोळे उघडले. ते ओलेसुद्धा नव्हते. ओठ हलले.

"रोज ऐकते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी ओठ चावला.

ती क्षीण हसली. "तुम्ही रडत होतात," तिचे ओठ म्हणाले. "तुम्हाला ती इतकी हवी आहे, हे मला माहीत नव्हतं."

ती. कुमुदिनी 'मी' म्हणाली नव्हती. पद्माकर तिच्यापुढे बसले. "माझं चुकलं गं. मी तुझा आवाज विसरत चाललो होतो. भ्यालो मी. स्वप्नातसुद्धा तू बोलेनाशी झालीस." ते लहान मुलासारखे हुंदके देत होते. "मी शब्द मोडला."

तिनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, त्यांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या खुर्चीत बसली. तिनं हेडफोनांकडे बोट दाखवलं.

"नको, कुमुद."

"लावा," ओठ म्हणाले.

पद्माकरांनी पट्टी तिच्या पांढऱ्या केसांवर ठेवली. गाद्या कानांभोवती नीट बसवल्या. पट्टी एक खाच आत घेतली. तिचं डोकं त्यांच्यापेक्षा लहान. वायर मानेवरच्या रुमालाला घासू नये म्हणून त्यांनी ती खांद्यामागे सोडली. मग फीत मागे नेली, कळ दाबली आणि तिच्या पायांशी बसून तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

जाळीतून दोऱ्याएवढी खरखर आली. खोकला. खुर्ची. पेटी.

आणि कुमुदिनीचे ओठ हलले.

सहा वर्षं त्या ओठांवर त्यांनी मीठ वाचलं होतं, दूध वाचलं होतं, औषध वाचलं होतं. आज ते गीत वाचत होते. पाचोळ्यात. वाजे. पाऊल. एकही अक्षर पुढे नाही, एकही मागे नाही. तानेच्या जागी हनुवटी तशीच किंचित वर, समेवर पापण्या तशाच खाली. तिचं सगळं अंग गात होतं. जिथं त्या मुलीनं श्वास घेतला, तिथं, नेमकी तिथं, हिच्या मानेवरची पांढरी मलमल आत ओढली गेली. जिथं तिनं सूर सोडला, तिथं मलमल फुलून बाहेर आली. गळ्यातून वारा येत होता, जात होता; स्वर कुठंच नव्हता.

आता मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक थेंब मखमलीत जिरला. मग दुसरा.

चार मिनिटं झाली. टाळ्या वाजल्या; शेचाळीस वर्षांपूर्वीच्या, पत्र्यावर पावसाच्या सरी पडाव्या तशा. फीत थांबली. कुमुदिनीनं दोन्ही हातांनी हेडफोन उतरवले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"छान गात होती पोर," तिचे ओठ म्हणाले.

"कुमुद, पुन्हा लावू?"

तिनं मान हलवली. नाही. त्यांच्या गालावरून तळवा फिरवला, तो ओला झाला, तो तिनं पदराला पुसला. "तुम्ही ऐकत जा. मी रागावणार नाही," ती म्हणाली. "मला मात्र आता परसात जाऊ द्या. तुमचं ऐकून होईपर्यंत मी तिकडेच बसत जाईन."

"आणि तुला काही झालं तर?"

"दार उघडं ठेवेन."

ती गेली. तिची पावलं परसाकडे वाजत गेली, लहान होत गेली, थांबली.

पद्माकरांनी नळ्या विझवल्या. तांबूस उजेड काचेत मावळला. त्यांनी हेडफोन उचलले, कानांवर लावले नाहीत. एक वाटी नुसती गालाशी धरली. मखमल ओली होती, आणि मखमल ऊबदार होती, तिच्या कानाच्या, तिच्या केसांच्या, तिच्या गाण्याच्या उबेनं. ते हलले नाहीत. ऊब कमी होत गेली. ऊन खिडकीवरून सरकत गेलं, ऊब कमी होत गेली. भिंतीवर सावली चढत गेली, ऊब कमी होत गेली. आणि मग त्यांच्या गालाशी उरली ती गार, ओली, मुकी मखमल.