दोनशे त्र्याहत्तर

“उत्तरा, भागाकाराआधी दोन्ही तापमानांत दोनशे त्र्याहत्तर मिळव.” बाळाजी सरांनी तीस वर्षांपूर्वी दिलेली ताकीद उत्तराताईंना नेमकी पोथी वाचताना आठवली, आणि पुढची ओळ काही केल्या वाचवेना.

त्या सिन्नरच्या कॉलेजात शिकवत. काल त्यांनी तपासलेले पेपर वाटले होते. इंजिनाची भट्टी तीनशे सत्तावीस अंश, बाहेरची हवा सत्तावीस. कार्यक्षमता जास्तीत जास्त किती? त्यांचं उत्तर ब्याण्णव टक्के. वर्गातल्या वेदिकानं पन्नास लिहिलं, म्हणून तिचे चार गुण गेले आणि ती दोन गुणांनी नापास झाली.

“मॅडम, ब्याण्णव टक्के येत असते तर आमच्या सायखेडा गावचे ट्रॅक्टर डिझेलच्या नुसत्या वासावर चालले असते,” ती म्हणाली. वर्ग हसला.

“बघते हो. माझं चुकलं असेल तर सगळ्यांसमोर सांगेन.”

आता त्यांनी पाटाशेजारी कागद ओढून गणित मांडलं. दोनशे त्र्याहत्तर मिळवून, केल्व्हिनमध्ये, सहाशे आणि तीनशे. बरोबर निम्मं, वेदिकाचे पन्नास टक्के. पूजेच्या घाईत उत्तरं काढताना मिळवायचंच राहून गेलं होतं.

दहाला गुणांची यादी लागणार, सगळा वर्ग तिथं जमणार. पण अध्याय पुरा झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. त्या दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. साडेआठ वाजले, ओळ तीच.

शेवटी तुळशीचं पान खुणेला ठेवून त्यांनी पोथी मिटली. “संध्याकाळी इथूनच पुढे,” असं देवाला हळूच सांगून त्या सिन्नरच्या बसला निघाल्या.