बिल्ला ड्रॉवरमध्ये, मी खिशात

मी बोलतोय, बटणांचा जुना मोबाइल. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवलं. आज माझं ऐका, कारण माझं डोकं फिरलंय.

माझा मालक पाइपांचे जोड तपासायचा. वेल्डिंग आतून पक्कं आहे का हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून किरण सोडून त्याचा फोटो काढतात. किरण सोडणारा तुकडा शेंगदाण्याहून लहान. नळीतून तो बाहेर ढकलायचा आणि फोटो झाला की जाड डब्यात परत ओढून घ्यायचा. मी मालकाच्या डाव्या खिशात, दोन पेनांच्या शेजारी असायचो.

अंगात किती किरण गेले हे मोजायला प्रत्येकाला छातीवर लावायचा बिल्ला मिळतो. पण बिल्ल्यावर आकडा चढला की माणसाला घरी बसवावं लागतं, काम अडतं. साहेबांनी त्यावर अक्कल लढवली. सगळे बिल्ले ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये! "हरवतात रे बाहेर," म्हणे. माझ्या मालकानेही मुकाट्याने मान डोलावली. त्याचाही राग येतो मला.

एके दिवशी तुकडा नळीतच अडकला. मालकाला पत्ता नाही. त्याने नळी गुंडाळली, छातीशी धरली आणि गाडीपर्यंत चालत गेला. संध्याकाळी घरी उलट्या सुरू झाल्या. पंधरवड्यात छातीवर फोड आले.

डॉक्टरांनी विचारल्यावर साहेबांनी बिल्ल्याचा कागद पुढे केला. शून्य! "घरीच गरम काहीतरी सांडलं असेल." झालं, तीन आठवडे साध्या भाजण्याचं मलम. जखम मात्र आत आत जात राहिली, तेव्हा कुठे डॉक्टरांनी ओळखलं की हे किरणांचं भाजणं आहे.

"किरण किती लागले ते कळल्याशिवाय कुठवर कापायचं ते कसं ठरवू?" डॉक्टर वैतागले. त्यांनी किरण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना गाठलं.

मॅडमनी मालकिणीला विचारलं, "त्या दिवशी यांच्या खिशात काय होतं?"

"हा मोबाइल. दुसरं काय असणार?"

"उघडू नका. आतल्या भागांना उजेड लागला की किरणांची खूण पुसते. आणि लवकर आणा, दिवसागणिक ती फिकी होते."

घरी धाकटे दीर स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच होते. "वहिनी, बटण अडकतंय, साफ करून देतो."

"भावजी, हात तर लावून बघा!" मालकीण अशी कडाडली की ते दोन पावलं मागे सरले.

प्रयोगशाळेत मॅडमनी मंद लाल दिव्याखाली मला उघडलं. माझ्या पोटात तिळाहून बारीक भाग असतात, चिनी मातीसारख्या पदार्थाचे. किरणांचा मार ते साठवून ठेवतात. त्यांच्यावर ठरावीक उजेड टाकला की ते स्वतः चमकतात. जितका मार, तितकी चमक. ती चमक एकदाच मिळते. माझ्या चार दाण्यांनी चार वेळा तेच सांगितलं, आणि ते शून्य नव्हतं.

"मोबाइलचं काय ऐकता?" साहेब हसले.

मग कोणाचं ऐकायचं? मी तिथे होतो. बिल्ला नव्हता.

आज मालकाचं ऑपरेशन आहे. कुठवर कापायचं हे डॉक्टरांना आता ठाऊक आहे, फक्त तीन आठवडे उशिरा. मालकीण बाहेरच्या बाकावर बसली आहे. मी तिच्या पिशवीत, सुटा सुटा, कायमचा बंद. त्याचं मला काही वाटत नाही.

पण त्या ड्रॉवरमध्ये अजून अकरा बिल्ले आहेत. त्यांची अकरा माणसं या क्षणी कामावर आहेत. माझ्यावर हळहळत बसू नका. जा आणि तो ड्रॉवर उघडा.