देवीनं उचललेली टाकी

आण्णाप्पांच्या मळ्यात सकाळपासून जत्रा भरली होती. बोरगावातून माणसं चालत येत होती, निपाणीहून गाड्या येत होत्या, आणि सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर खिळले होते. काल संध्याकाळपर्यंत जमिनीत पुरलेली पोहायची टाकी रात्रीच्या वादळपावसानंतर आज जमिनीतून चांगली हातभर वर उठून उभी होती. भोवतीची फरशी फुटून उलटीपालटी झाली होती, कडेचा नळ मोडून लोंबत होता. निळ्या फायबरची ती अख्खी टाकी म्हणजे एखाद्या खोलीएवढी, आणि तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. बायका लांबूनच हळदकुंकू टाकत होत्या. ज्यांच्याकडे मोबाइल होते ते फोटो काढत होते, म्हणजे सगळेच.

टाकीच्या काठाशी गुंडू महाराज उभा होता. भगवी लुंगी, कपाळभर भंडारा, हातात उसाचा कोयता. "देवी उठली," तो घुमत होता. "म्या सांगितलं हुतं, वादळात देवी उठंल. उठली का न्हाय?"

"उठली," गर्दी म्हणत होती.

ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी प्रियदर्शनी, निपाणीची. बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजात बांधकाम शिकवते. माती आणि पाणी हा माझा रोजचा विषय. आण्णाप्पा माझ्या वडिलांचे जुने दोस्त, बेळगावच्या उद्यमबागेत त्यांचा लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना आहे. नातवंडांसाठी त्यांनी मळ्यात ही टाकी बसवली आणि तेव्हापासून तिचं काही बिघडलं की मला फोन. पाणी हिरवं झालं, फोन. डोळे चुरचुरतात, फोन. वादळाचा इशारा आला तेव्हाही फोन आला, आणि मी सगळं नीट सांगितलं होतं. खुर्च्या-छत्र्या आत घ्या, नाहीतर उडून कुणाचं तरी डोकं फोडतील. पंपाची वीज तोडा. क्लोरीन थोडं जास्त घाला, पावसाबरोबर घाण येणार. पाणी काढायचंच असेल तर वीतभरच कमी करा, पण काही झालं तरी टाकी रिकामी करू नका.

त्यांनी ऐकलं गुंडूचं. गुंडू म्हणाला, उष्टं पाणी देवीला चालत नाही, थेंबही ठेवू नका. कारखान्यात भट्टीचं तापमान बघितल्याशिवाय लोखंड ओतू न देणारा हा माणूस, त्यानं नातवंडांनी पोहलेलं पाणी उष्टं ठरवून शेतात सोडून दिलं.

मी रेटारेटी करत पुढं घुसले आणि टाकीत वाकून पाहिलं. आत मालुबाई होती.

मालुबाई म्हणजे या टाकीची देखभाल करणारी. जाळीनं पाला काढायचा, भिंती घासायच्या, क्लोरीन टाकायचं, हे तिचं काम. तिचे हात दोरीनं बांधले होते. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं होतं, डावा डोळा सुजून मिटला होता. ती उठायला बघायची आणि ओल्या गुळगुळीत तळावर घसरून पुन्हा तोंडावर पडायची. काठावरचे लोक तिला नारळ फेकून मारत होते. देवीला वाहायला आणलेलेच नारळ. तिचा सख्खा दीर भरमा लिंबाचा ओला फोक घेऊन उभा होता, आणि मारून मारून त्या फोकाची साल निघाली होती.

गुंडूचं म्हणणं असं की मालुबाईनं टाकीच्या पाण्यात करणी सोडली, म्हणून देवी खवळली. बाई कबुली देईपर्यंत देवी शांत होणार नाही. खरी गोष्ट वेगळी होती. मालुबाईच्या मुलीला ताप आला तेव्हा गुंडूनं अंगारा दिला होता. तिनं तो अंगारा चुलीत टाकला, मुलीला निपाणीच्या दवाखान्यात नेलं, मुलगी बरी झाली, आणि हे तिनं हसत हसत गावभर सांगितलं. तो राग आज निघत होता.

मी टाकीत उतरले. एक नारळ माझ्या खांद्यावर बसला आणि हात बोटांपर्यंत बधिर झाला. दुसरा मालुबाईच्या बरगडीत बसला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी तिच्या अंगावर ओणवी झाले आणि दातांनी तिच्या हातांची दोरी सोडवू लागले. त्या क्षणी गुंडूच्या हातातला कोयता माझ्या हातात असता तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

"आण्णा," मी ओरडले, "तुमची विहीर बघा. पाणी कुठवर आलंय?"

आण्णाप्पा गांगरून गेले होते. मित्राच्या मुलीला आपल्या मळ्यात नारळ बसला, हे बघून त्यांचा चेहरा उतरला होता. विहीर शेजारीच होती. तिचं पाणी काठाशी आलं होतं, वाकलं तर हाताला लागेल इतकं.

"तेच पाणी या टाकीच्या बुडाखाली आहे," मी म्हणाले. "रिकामी घागर विहिरीत दाबली तर काय होतं?"

पुढं उभी असलेली म्हातारी अंबुबाई म्हणाली, "उसळती की."

"आणि भरली तर?"

"बुडती."

"मग टाकी भरा. इंजिन लावा आणि विहिरीचं पाणी सोडा. जमिनीला लागून टाकीवर कुंकवाची रेघ ओढा, म्हणजे खाली गेली की वर आली ते सगळ्यांना दिसेल."

पहिल्यांदाच गुंडूची तारांबळ उडालेली दिसली. पाण्याचा थेंब पडला तर गावाचं वाटोळं होईल, म्हणाला. ह्यांच्या घरात देव न्हाईत, ह्या बाईला देवीतलं काय कळतंय, असंही माझ्याकडं बोट करून म्हणाला. मालुबाईला बाहेर काढायला लोक तयार नव्हते. मी म्हटलं, आम्ही दोघी आत असतानाच भरा.

आण्णाप्पांनी स्वतः जाऊन डिझेल इंजिन सुरू केलं. अंबुबाईनं रेघ ओढली. जाड पाइपातून गढूळ पाणी धो धो पडू लागलं. ते गुडघ्याला आलं, मांडीला आलं. दोरी सुटली होती, पण मालुबाईला उभं राहवत नव्हतं. मी तिला काखेत धरून पायऱ्यांच्या कोपऱ्यात टेकवलं. तिचं रक्त पाण्यात पसरत होतं. मला मनातून भीती वाटत होती. टाकीखाली माती सरकून बसली असेल तर टाकी खाली जाणार नव्हती, आणि मग हे लोक आम्हा दोघींना जिवंत बाहेर येऊ देणार नव्हते.

पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा पायाखाली काहीतरी कर्रकन वाजलं. गर्दी मागं सरली. टाकी हलली, थांबली, पुन्हा हलली.

"रेघ खाली चालली," अंबुबाई म्हणाली. "ए, रेघ मातीत गेली."

गुंडू धावला आणि त्यानं पाइपावर कोयता घातला. पाणी चहूकडं उडालं. "बंद करा," तो किंचाळला, "भरली की बसती ती!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. इंजिन चालूच होतं.

आण्णाप्पा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "भरली की बसती," ते म्हणाले, "हे तुला कसं ठाऊक रं?"

उत्तर म्हणून गुंडूनं कोयता उगारला. भरमानं तो मधेच पकडला, आणि पात्यानं त्याचा तळवा हाडापर्यंत चिरला. मग मात्र पाचसहा जणांनी गुंडूला खाली पाडलं, आणि त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं. गोव्यात तो अशा टाक्या बसवणाऱ्यांकडे खड्डे खणायला होता. तिथं भर पावसात एकानं टाकी रिकामी केली आणि ती अशीच वर आली. गुंडूनं ते बघून ठेवलं होतं. मुसळधार पाऊस झाला की जमिनीतलं पाणी वर येतं, पाण्यानं भरलेली टाकी आपल्या वजनानं बसून राहते, रिकामी केली की खालचं पाणी तिला होडीसारखं उचलतं. देवीचा चमत्कार तो एवढाच.

हे ऐकून गर्दी चवताळली. तेच हात, तेच नारळ, आता गुंडूच्या डोक्यात. लोकांना मारायला कुणीतरी हवं होतं. मालुबाईला पायऱ्यांवर बसवून मी टाकीबाहेर आले, भिजलेल्या कपड्यांनी त्याच्यासमोर उभी राहिले आणि घसा फाटेपर्यंत ओरडले की त्याला पोलिसांत द्या, जादूटोण्याच्या नावाखाली छळ करणाऱ्यांसाठी कर्नाटकात कायदा आहे. आण्णाप्पांनी एकेकाला धरून मागं ओढलं, म्हणून तो वाचला.

मालुबाई वाचली. दोन बरगड्या मोडल्या होत्या, आणि डाव्या डोळ्यानं आता दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखान्यात तिला बघायला भरमा आला. हाताला पट्टी बांधलेली, मान खाली. "वैनी," तो म्हणाला, "आता कळलं. टाकी पाण्यानं उठलती. तू काय बी केलं न्हवतंस."

मालुबाईनं एका डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. "आन् टाकी खाली गेली नसती तर?" ती म्हणाली. "मग म्या केलं असतं?"

भरमा तसाच मागं वळून निघून गेला. तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर मी आता लिहिते. टाकी का उठली हे समजायला थोडं शिकावं लागतं, आणि ते सगळ्यांना जमेलच असं नाही. पण मला हे कळत नाही, असं म्हणून हातातला नारळ खाली ठेवायला काहीच शिकावं लागत नाही. कळलं नाही तर विचारा. सांगणारं कुणी नसलं तर थांबा. उत्तर आज मिळालं नाही तरी चालेल, पण त्यासाठी कुणा बाईला मारू नका.