घडीचा कोपरा

सूचना: प्रवेशपत्राशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. दुसरी प्रत मिळणार नाही.

प्रवेशपत्राच्या तळाशी छापलेली ही ओळ थोरल्या भावाने मोठ्याने वाचली आणि धाकटीच्या कानाखाली दिली. ती निघायच्या तयारीत होती, चपला पायात. दुपारी परीक्षा.

ती दाराच्या चौकटीवर आदळली. खिळ्यांना टांगलेले पट्टे हलले, बकलांवर बकलं वाजली. पुढची खोली म्हणजेच त्यांचा कारखाना. भाऊ चामडं कापतो, पट्ट्यांना भोकं पाडतो. आई शिवते. आईचं मशीन थांबलं.

"हळू," आई म्हणाली. "खाली माणसं राहतात."

मशीन पुन्हा सुरू.

"परगावी नोकरी. वर राहायला खोली," भाऊ म्हणाला. "आणि पट्ट्यांना रंग कोण लावणार? मी?"

"दादा, ते दे इकडे."

दुसरी बसली. त्याच कानावर. आता त्या कानात बारीक शिट्टी वाजत होती आणि त्याचं बोलणं दुसऱ्याच कानातून येत होतं.

प्रश्न. कागद आकृतीप्रमाणे दुमडला व भोक पाडले. उलगडल्यावर तो कसा दिसेल?

असल्या प्रश्नांवर भाऊ दोनदा नापास झालेला. मोठ्या कारखान्यात मुकादमाची जागा होती, तिथे बुद्धीची चाचणी घ्यायचे. घरी रद्दी दुमडून, तिच्यावर चामड्याला भोकं पाडायचा पंच ठोकून तो तयारी करायचा आणि धाकटीला समोर बसवायचा. बापाने त्याला धंदा शिकवला तसाच तो तिला शिकवायचा. उत्तर चुकलं की हात पुढे. तळहातावर पट्टा. तिचे तळहात सोलून निघाले आणि तिला कोडी यायला लागली. त्याला हातात चामडं असलं की सगळं दिसायचं, छापील आकृतीत मात्र घड्या हरवायच्या. दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी त्याने तिच्या पाठीवर पट्टा तुटेपर्यंत मारलं.

आता त्याने प्रवेशपत्र चामडं कापायच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलं. उजवी बाजू डावीवर. खालची वरच्या बाजूवर. नखाने घडी दाबली. दुसऱ्या हाताने पंच उचलला, लोखंडी नळीच ती, तोंडाला धार.

"बाईसाहेब हुशार ना? सांगा मग. किती भोकं?"

पंच त्याने घडी केलेल्या चौकोनाच्या बरोबर मधोमध टेकवला.

धाकटीने कागद मनात उलगडून पाहिला. वर उजवीकडे फोटो. वर डावीकडे क्रमांक. इथे ठोकलं तर एक भोक तिच्या तोंडातून जाणार, एक क्रमांकातून.

चौकटीवर फुटलेला ओठ तिने जिभेने पुसला. तिने नाक मुरडलं.

"इथे चार. हे काय विचारणं झालं? शेंबडं पोरही सांगेल."

हातोडी वर गेलेली, तिथेच राहिली.

"असं?"

"पुस्तकातलं पहिलंच आहे ते. तुला तेवढंच यायचं."

आईचं मशीन परत थांबलं. भावाच्या गालाची शीर उडाली. त्याने हातोडीच्या दांड्याने तिच्या गुडघ्यावर मारलं. ती खाली बसली, पण डोळे ठोकळ्यावरून हलवले नाहीत. पंच सरकला. सरकणार होताच. बकलाच्या काट्याला जागा करायची तर पट्टा दुमडून पंच नेहमी घडीवर धरायचा, अर्धा चामड्यावर, अर्धा बाहेर. त्याच्या हाताला लहानपणापासून तीच सवय. पंच दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यावर येऊन थांबला.

"आणि इथे?"

तिने मुद्दाम वेळ घेतला. बोटांवर मोजल्यासारखं केलं.

"चारच. घड्या केल्यावर पदर चार, भोकं चार."

भाऊ हसला. किती दिवसांनी हसला. हातोडी बसली.

उलगडा. एकच भोक, कागदाच्या पोटात, नियमांच्या ओळींमधून आरपार. फोटोतलं तोंड शाबूत. क्रमांक शाबूत.

"एक!" त्याने कागद तिच्या नाकासमोर नाचवला. "आई, बघ हिची अक्कल. नाकाने कांदे सोलते आणि साधं घडीवरचं भोक येत नाही. जा, दे परीक्षा. चार लोकांत नाक कापून ये, मग बस रंग लावत."

त्याने प्रवेशपत्र फेकलं. मग खिळ्यावरून पट्टा काढला.

"हात."

तिने डावा पुढे केला.

"लिहिते कोणत्या हाताने?"

तिने उजवा पुढे केला.

"शहाण्याला शब्दाचा मार," तो म्हणाला आणि बकलाची बाजू खाली धरली. पहिल्या फटक्याला कातडी फुटली. दुसऱ्याला मधलं बोट वेडंवाकडं झालं. तिसऱ्याला ती ओरडली, आणि तेव्हा आई उठून मध्ये आली. म्हणाली, "ताट वाढलंय, निवतंय." त्याला दंडाला धरून ती आत घेऊन गेली. जाता जाता मागे हात करून तिने धाकटीला दार दाखवलं.

परीक्षागृहाच्या दारात पर्यवेक्षक बाईंनी प्रवेशपत्र उजेडात धरलं. भोकातून त्यांचा एक डोळा दिसला.

"हे काय?"

"भावाचा चामड्याचा धंदा आहे."

बाईंनी फोटो पाहिला, मग सुजलेलं तोंड, मग रुमालात गुंडाळलेला हात. रुमालातून रक्त ठिबकत होतं.

"दवाखान्यात जायला हवं तुम्ही."

"क्रमांक दिसतोय ना?"

"दिसतोय."

"मग बसू द्या."

पेन्सिल डाव्या हातात. सुदैवाने लिहायचं काही नव्हतं, गोल काळे करायचे होते. घडीचा प्रश्न तिसऱ्या पानावर आला. दोनदा दुमडलेला कागद, कोपऱ्यावर पंच.

(अ) एक (ब) दोन (क) चार (ड) आठ

तिने (अ) काळा केला. डावा हात गोलाबाहेर जात होता, म्हणून पेन्सिल मुठीत धरून दाबत राहिली. कागद फाटेल म्हणून थांबली. पान उलटून पाठीमागे उमटलेला उंचवटा अंगठ्याने चाचपला. आरपार गेलं नव्हतं.

पुढचा प्रश्न.